जेनलॉक दिल्यावर परत परत उद्भवणारा क्लॉकचा जिटर : एचडी-एसडीआय कार्डावरील समस्या निवारण

बेंचवर तपासले तर एचडी-एसडीआय (एका केबलवरून एचडी व्हिडिओ बिटांच्या रूपात नेण्याची पद्धत) कार्ड निर्दोष असते. रॅकमध्ये बसवून जेनलॉक दिल्यावर, म्हणजे त्याचा क्लॉक बाहेरच्या रेफरन्स सिग्नलशी जुळवल्यावर, ते चार-आठ दिवस व्यवस्थित चालते, आणि मग एखाद्या दुपारी रेकॉर्डिंग सर्व्हरवर एक फ्रेम तुटते, आवाजात बारीक ‘टक्’ ऐकू येते आणि पुन्हा सगळे सुरळीत होते. शेजारच्या मॉनिटरवर मात्र त्या क्षणीही चित्र स्वच्छ असते, त्यामुळे संशय आधी सर्व्हरवर, मग केबलवर आणि शेवटी उष्णतेवर जातो.

मी देखभाल करत असलेल्या एका ओबी व्हॅनमधील (बाहेरच्या ठिकाणाहून प्रक्षेपण करणारी गाडी) १०८०आय५० चे फ्रेम सिंक्रोनायझर कार्ड (आलेला व्हिडिओ इतर उपकरणांच्या तालाशी जुळवणारे) याच तक्रारीसाठी तीन वेळा माझ्याकडे आले. पहिल्या वेळी केबल आणि बीएनसी बदलले, दुसऱ्या वेळी कार्डाच्या पुढे रिक्लॉकर (आलेल्या बिटांना नवा क्लॉक देऊन पुढे पाठवणारा भाग) बसवला, तिसऱ्या वेळी २७ मेगाहर्ट्झचा व्हीसीएक्सओच (कंट्रोल व्होल्टेजने वारंवारता किंचित बदलता येणारा क्रिस्टल ऑसिलेटर) नवीन घातला. तिन्ही वेळा कार्ड काही दिवस चांगले चालले, आणि म्हणूनच तिन्ही वेळा दुरुस्ती बरोबर झाली असा माझा समज झाला. जिटर, म्हणजे क्लॉकच्या कडांची थरथर, किती आहे हे मी दर वेळी मोजत होतो. तो कोणाच्या तालावर हलतो आहे हे मी एकदाही पाहिले नव्हते. हा दुसरा प्रश्न आधी विचारला असता तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या, म्हणून ती पद्धत येथे सविस्तर मांडतो.

मंद जिटर आणि जलद जिटर

एचडी-एसडीआयचा वेग सेकंदाला १.४८५ गिगाबिट आहे, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ६७३ पिकोसेकंद येतात. क्लॉकची कड आपल्या नेमक्या जागेपासून मागेपुढे सरकते त्यालाच आपण जिटर म्हणतो, आणि त्यासाठी या प्रमाणकात दोन वेगळ्या मर्यादा दिलेल्या आहेत. १० हर्ट्झपासून वरचा सगळा जिटर धरला तर तो एका पूर्ण बिटापर्यंत चालतो. १०० किलोहर्ट्झपासून वरचा जिटर मात्र ०.२ बिट, म्हणजे सुमारे १३५ पिकोसेकंदांच्या आत राहावा लागतो. पहिल्याला टायमिंग जिटर आणि दुसऱ्याला अलाइनमेंट जिटर म्हणतात.

या दोन मर्यादांमागचे कारण समजले की वरच्या तक्रारीतील निम्मे कोडे सुटते. सिग्नल घेणारे उपकरण आलेल्या बिटांमधूनच आपला क्लॉक उभा करते, आणि त्याचा लूप (आपला क्लॉक आलेल्या तालाशी सतत जुळवत राहणारे सर्किट) पुरेसा रुंद असल्याने सेकंदाला पन्नास-शंभर वेळा होणारी मंद हालचाल तो सहज अनुसरतो. बिट चुकत नाहीत, म्हणून मॉनिटरवर चित्र स्वच्छ दिसते. पण ज्या उपकरणात पुढे आणखी एक अतिशय अरुंद लूप बसवून क्लॉक स्वच्छ केला जातो आणि दोन्ही क्लॉकांमधील फरक एका छोट्या फिफोमध्ये (आलेले बिट त्याच क्रमाने थोडा वेळ धरून ठेवणारी मेमरी) सामावून घेतला जातो, तेथे ही मंद हालचाल मोठी झाली की फिफो भरतो किंवा रिकामा पडतो आणि फ्रेम तुटते. आमच्या सर्व्हरचे इनपुट अशा रचनेचे होते. दुसऱ्या वेळी बसवलेला रिक्लॉकर निरुपयोगी का ठरला तेही यातूनच कळते: त्याचा लूपही रुंद असल्याने त्याने जलद जिटर पुसला आणि मंद जिटर जसाच्या तसा पुढे पाठवला.

म्हणून वेव्हफॉर्म मॉनिटरवरील (व्हिडिओ सिग्नल मोजणारे उपकरण) जिटरचा हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या वारंवारतेखालची हालचाल वगळणारा) हे माझ्या मते या कामातील पहिले हत्यार आहे. फिल्टर १० हर्ट्झवर ठेवून आकडा घ्यावा, मग १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ असे वर चढत जावे, आणि आकडा कोणत्या पायरीवर कोसळतो ते पाहावे. आमच्या कार्डाचा आकडा १०० किलोहर्ट्झला ६० पिकोसेकंदांच्या आत होता, पण १० हर्ट्झला तो एक बिट ओलांडत होता. १ किलोहर्ट्झला जाईपर्यंत जवळजवळ सगळा जिटर नाहीसा झालेला असे. याचा अर्थ स्विचिंग सप्लाय, एफपीजीए (प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप), केबल, टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रोधक) यांपैकी कोणीही मुख्य दोषी नव्हते.

ज्यांच्याकडे असे उपकरण नाही त्यांनी स्कोपवर काम करताना एक चूक कटाक्षाने टाळावी. कार्डाचा २७ मेगाहर्ट्झ क्लॉक स्कोपला देऊन त्याच क्लॉकवर ट्रिगर केले, तर ट्रिगरही त्या मंद हालचालीबरोबरच सरकतो आणि पडद्यावर कड अगदी तलम दिसते. बेंचवर कार्ड निर्दोष ठरण्याचे एक कारण माझी हीच चूक होती. ट्रिगर दुसऱ्या, भरवशाच्या क्लॉकवर असावा, उदाहरणार्थ त्याच ब्लॅकबर्स्टवर (जेनलॉकसाठी सगळ्यांना दिला जाणारा काळ्या चित्राचा रेफरन्स सिग्नल) जेनलॉक केलेल्या चांगल्या कार्डाच्या २७ मेगाहर्ट्झवर, आणि बिघडलेल्या कार्डाचा क्लॉक दुसऱ्या चॅनेलवर पर्सिस्टन्स (आधीच्या रेषा पडद्यावर टिकवून ठेवण्याची सोय) चालू ठेवून पाहावा. तेव्हा खरी कड किती पसरते ते दिसते.

पन्नास हर्ट्झचे तीन उगम

मंद जिटर निश्चित झाल्यावर त्याची वारंवारता पाहिली तर ती पन्नासच्या आसपास निघाली. येथे आपल्याकडे एक खास अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, आपल्या व्हिडिओचे फील्डही (अर्धी फ्रेम) सेकंदाला ५०, आणि रॅकचा पंखा मिनिटाला तीन हजारांच्या जवळपास फेऱ्या घेत असेल तर त्याचा हादराही पन्नासच्याच आसपास. मीटरवरचा आकडा या तिघांमध्ये भेद करू शकत नाही.

भेद ट्रिगरने होतो. वेव्हफॉर्म मॉनिटरमधून जिटरचे तरंगरूप बाहेर काढण्याची सोय असेल तर ते स्कोपला द्यावे; नसेल तर व्हीसीएक्सओच्या कंट्रोल व्होल्टेजवरचा बारीक तरंग पाहावा, मात्र तेथे प्रोब थेट न लावता मध्ये उच्च इनपुट रोधाचा ऑप-अँप बफर घ्यावा, कारण प्रोबमधून गळणारा विद्युतप्रवाहही त्या लूपला पुरेसा त्रास देतो. आता स्कोपचा ट्रिगर विजेच्या लाइनवर ठेवावा. तरंग पडद्यावर स्थिर उभा राहिला तर उगम विजेत आहे: ग्राउंड लूप, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा सप्लायचा रिपल. तो स्थिर न राहता सरकत असेल तर ट्रिगर ब्लॅकबर्स्टच्या व्हर्टिकलवर (दर फील्डच्या सुरुवातीच्या सिंकवर) न्यावा. तेथे स्थिर झाला तर दोष सिंक वेगळा करणाऱ्या भागात आहे. दोन्हीकडे सरकत राहिला तर कारण बहुधा यांत्रिक असते.

आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात हलत असते आणि सिंक जनरेटरचे ५० हर्ट्झ क्रिस्टलइतके अचूक असते, त्यामुळे अर्धा मिनिट धीराने पाहिले की दोघांमधला फरक डोळ्यांना दिसतो. ओबी व्हॅन डिझेल जनित्रावर चालत असेल तर काम आणखी सोपे होते, कारण एसी चालू-बंद होताना जनित्राची वारंवारता स्पष्टपणे हलते.

सिंकचा भाग आधी निर्दोष ठरवावा

माझ्या कार्डात दोष येथे नव्हता, तरीही हा भाग सोडून पुढे जाऊ नये, कारण इतर अनेक कार्डांत तो येथेच सापडला आहे. पाल ब्लॅकबर्स्टचा सिंक ३०० मिलिव्होल्टचा असतो आणि त्याची कड १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढायला साधारण २०० नॅनोसेकंद घेते. म्हणजे त्या कडेचा उतार नॅनोसेकंदाला १.२ मिलिव्होल्ट इतकाच आहे, आणि तुलना करणाऱ्या पातळीवर १२ मिलिव्होल्टचा गुणगुणाट शिरला तर कड १० नॅनोसेकंदांनी, म्हणजे एचडीच्या जवळजवळ पंधरा बिटांनी, मागेपुढे होते. हे सगळे पुढच्या लूपने गाळायचे असते.

या कारणासाठी टर्मिनेशनची तपासणी सर्वांत आधी करावी. लूप-थ्रू, म्हणजे एका उपकरणातून पुढच्यात असा साखळीने, जोडलेल्या रेफरन्सला अगदी शेवटच्या उपकरणावर एकच ७५ ओहम हवा. मध्ये कोणी दुसरा ७५ ओहम लावून ठेवला असेल तर पातळी दोन-तृतीयांशावर येते आणि उतारही तेवढाच मंदावतो. एकही नसेल तर पातळी दुप्पट होते. ठरावीक व्होल्टेजवर सिंक कापणारी जुनी सर्किट अशा बदलाने लगेच फसतात, तर सिंकच्या उंचीच्या बरोबर निम्म्यावर कापणारी सर्किट बऱ्याच अंशी तग धरतात. व्हर्टिकल ट्रिगरवर तरंग स्थिर राहत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: फील्डच्या सुरुवातीला सिंकचे पल्स अर्ध्या लाइनच्या अंतराने येतात, आणि ते गाळून टाकण्याची व्यवस्था नसेल तर फेज डिटेक्टर (रेफरन्स आणि कार्डाचा क्लॉक यांच्यातला फरक मोजणारा लूपचा भाग) दर फील्डला एकदा गोंधळतो.

लूपची बँडविड्थ हा यातला कळीचा निर्णय आहे. १५,६२५ हर्ट्झच्या लाइन वारंवारतेला १७२८ ने गुणून २७ मेगाहर्ट्झ मिळवायचा असतो, आणि रेफरन्सवरचा गुणगुणाट गाळायचा तर ही बँडविड्थ काही हर्ट्झच्या वर जाऊ नये. जेनलॉक पटकन लागावा म्हणून कोणी ती १०० हर्ट्झपर्यंत वाढवली, तर विजेचा ५० हर्ट्झ विनाअडथळा क्लॉकवर उतरतो. लॉक लागायला काही सेकंद जास्त लागले तरी चालतील, पण लॉक झाल्यावर बँडविड्थ अरुंदच हवी.

पंखा आणि सिरॅमिक कपॅसिटर

आमच्या कार्डाचा तरंग दोन्ही ट्रिगरवर सरकत होता. त्याची वारंवारता ४७ हर्ट्झच्या थोडी खाली भरली, आणि रॅकच्या पंख्याच्या फेऱ्या मिनिटाला सुमारे २८०० निघाल्या. अर्ध्या मिनिटासाठी पंख्याचा कनेक्टर काढला आणि पडद्यावरची लाट पंख्याच्या घरंगळत थांबण्याबरोबरच विरत गेली. पुन्हा जोडला, तशी ती परत उभी राहिली. दुपारचीच तक्रार का, याचेही उत्तर तेथेच मिळाले: पंखा तापमानानुसार वेग घेणारा होता आणि दुपारच्या उन्हात तो पूर्ण वेगाने फिरत असे. उष्णता खरोखरच कारणीभूत होती, पण ती क्रिस्टलमार्फत नव्हे.

हादरा क्लॉकवर नेमका कोठे चढतो ते शोधण्यासाठी ट्रिमिंगच्या प्लॅस्टिक स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन मी एकेका भागाच्या शेजारी बोर्डावर हलके टकटक केले. व्हीसीएक्सओवर टकटक केल्यावर तरंग थोडा हलला. लूप फिल्टरमधील ४.७ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरजवळ मूठ टेकताक्षणी मात्र तरंग पडद्याबाहेर गेला. एवढी मोठी किंमत इतक्या लहान आकारात देणाऱ्या एक्स५आर किंवा एक्स७आर जातीच्या कपॅसिटरमध्ये बेरियम टायटनेटवर आधारित पदार्थ असतो. दाब पडला की तो स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो. असा कपॅसिटर व्हीसीएक्सओच्या कंट्रोल पिनवर लावणे म्हणजे तेथे एक मायक्रोफोन जोडून ठेवणे होय.

ही बाब किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहावे. ३.३ व्होल्टच्या पल्ल्यात ±१०० पीपीएम (दशलक्षात १००) फिरणाऱ्या व्हीसीएक्सओच्या कंट्रोल पिनवर शिखर-ते-शिखर फक्त १ मिलिव्होल्टचा ५० हर्ट्झ तरंग आला तर क्लॉकच्या कडा सुमारे १९० पिकोसेकंदांच्या पट्ट्यात हलतात, आणि ४ मिलिव्होल्टला एक पूर्ण बिट ओलांडला जातो. तोच १ मिलिव्होल्ट १ किलोहर्ट्झचा असता तर परिणाम १० पिकोसेकंदांच्या आत राहिला असता, कारण वारंवारतेतला बदल जितका वेळ एका दिशेने टिकतो तितकी कड दूर वाहत जाते. लूप स्वतः काही हर्ट्झचाच असल्याने ४७ हर्ट्झची हालचाल तो दुरुस्तही करू शकत नाही. म्हणून कंट्रोल पिनवर जलद रिपलपेक्षा मंद हादरा कितीतरी अधिक घातक ठरतो.

आधीच्या तीन दुरुस्त्यांनंतर काही दिवस आराम का पडत होता याचाही उलगडा यावरून होतो. दर वेळी कार्ड बाहेर काढून परत बसवले जात असे, कधी शेजारच्या स्लॉटमध्ये, आणि त्याच वेळी पंख्यावरची धूळही साफ होत असे. मार्गदर्शक खाचेतली पकड बदलली आणि पात्यांचे असंतुलन कमी झाले की हादरा तात्पुरता घटतो. धूळ परत साचली की तक्रार परत येते.

उपाय म्हणून त्या जागी ४.७ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर घातला. तो आकाराने मोठा असल्याने आडवा बसवला, पाय शक्य तेवढे आखूड ठेवले आणि खाली न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनचा ठिपका दिला. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये, ते तांबे खाते. सिरॅमिकमधल्या आणखी एका दोषातूनही यामुळे सुटका होते, तो म्हणजे डीसी व्होल्टेज चढले की त्याची धारकता बरीच घटते आणि कागदावर मांडलेली बँडविड्थ प्रत्यक्षात राहत नाही. नवीन बोर्ड आखायचा असेल तर चार्ज पंपाचा (लूप फिल्टरला प्रवाह देणारा भाग) प्रवाह कमी करून १ मायक्रोफॅरडमध्ये भागेल असा लूप मांडावा, म्हणजे फिल्म कपॅसिटर आटोपशीर आकारात मिळतो. आमच्या कार्डाचा १० हर्ट्झचा आकडा या एका बदलाने ०.३ बिटाच्या आसपास आला. पंख्याखाली रबरी वॉशर नंतर लावले, पण ते आधी लावले असते तर खरे कारण पुन्हा झाकले गेले असते.

आकडा १०० किलोहर्ट्झला मोठा असेल तर

तेव्हा शोधाची दिशा पूर्ण बदलते. स्पेक्ट्रम ॲनालायझरवर १४८.५ मेगाहर्ट्झच्या रेफरन्स क्लॉकच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर काटे दिसले तर ते अंतर वाचावे. ते डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या स्विचिंग वारंवारतेशी जुळते का ते पाहावे. हे काटे क्लॉकपेक्षा ५० डेसिबल खाली असतील तर त्यांच्यामुळे होणारा जिटर शिखर-ते-शिखर १४ पिकोसेकंद असतो आणि एचडीला तो जाणवतही नाही. ३० डेसिबल खाली असतील तर तो १३५ पिकोसेकंद होतो आणि सगळी मर्यादा एकटाच खाऊन टाकतो. ११.८८ गिगाबिटच्या १२जी-एसडीआयमध्ये बिटच ८४ पिकोसेकंदांचा असल्याने तेथे ५० डेसिबलचाही विचार करावा लागतो.

अशा वेळी फेराइट बीड (सप्लायच्या तारेतला जलद रिपल अडवणारा छोटा घटक) घातली की काम झाले असे मानू नये. साधारण १ मायक्रोहेन्रीची बीड आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर यांचा अनुनाद ५०० किलोहर्ट्झला येतो, आणि कन्व्हर्टरही तेथेच स्विच होत असेल तर गाळणी म्हणून घातलेली जोडी रिपल वाढवते. त्या कपॅसिटरला समांतर २२ मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर लावून त्याच्या एकसरीत २-३ ओहमचा रोधक ठेवला की तो अनुनाद दबतो. व्हीसीएक्सओला आणि क्लॉक बफरला स्वतंत्र कमी-नॉइज लिनियर रेग्युलेटर देणे हा खर्च मी कधीही वाचवत नाही.

एफपीजीए वापरणाऱ्यांनी सिरियल ट्रान्सीव्हरचा रेफरन्स क्लॉक त्याच्या राखीव पिनांवर थेट आणावा. चिपच्या आतील सर्वसाधारण मार्गांतून किंवा आतल्या पीएलएलमधून फिरवून आणलेला क्लॉक शेजारच्या हजारो गेटांच्या खडखडाटाने दूषित होतो, आणि एखादे डिझाइन आजच्या कंपाइलला चालून उद्याच्या कंपाइलला नापास होते.

जिटर फक्त काही चित्रांवरच दिसत असेल, कलर बारवर ठीक आणि एसडीआय चेकफील्डवर (मुद्दाम कठीण बिटक्रम देणारे चाचणी चित्र) वाईट, तर क्लॉकला हात लावण्याआधी कपलिंग कपॅसिटर पाहावा. चेकफील्डच्या एका भागात एकोणीस सारखे बिट आणि एक विरुद्ध बिट असा क्रम ओळभर चालतो, तेथे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सिग्नलची मध्यरेषा सरकते आणि कडा हलल्यासारख्या दिसतात. ४.७ मायक्रोफॅरड ही तेथली रुळलेली किंमत आहे, आणि त्या जागी सिरॅमिकच वापरायला हरकत नाही, कारण ८०० मिलिव्होल्टच्या जलद कडेला पंख्याच्या हादऱ्याने येणारा मिलिव्होल्ट काही करू शकत नाही.

दुरुस्तीनंतरचा आकडा कार्ड त्याच्या मूळ स्लॉटमध्ये, झाकण बंद करून, पंखा पूर्ण वेगात आणि रेफरन्स जोडलेला अशा स्थितीत किमान अर्धा तास चालल्यावरच घ्यावा, आणि १० हर्ट्झ व १०० किलोहर्ट्झ असे दोन्ही आकडे तारखेसह कार्डाच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत.